कर्नलसाहेबांचा हात

नवं पिस्तूल समोर आलं की कर्नलसाहेब आधी त्याचा वास घ्यायचे. डोळे मिटून, आपण हापूस हुंगून बघतो तसे. पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक हे बघून गालात हसायचं. मग साहेब डोळे उघडून म्हणायचे, "तेल फार आहे." आणि सुती फडकं घेऊन बसायचे. आतलं, बाहेरचं, खाचाखोचांतलं सगळं तेल पुसून पिस्तूल अगदी कोरडं करायचे आणि मग त्याचा वरचा सरकता भाग, ज्याला सगळे स्लाइड म्हणतात, तो मागे ओढून हळूच पुढे सोडायचे. कान तिकडे. "तेलात सगळीच पिस्तुलं गोड बोलतात," ते म्हणायचे. "पुसल्यावर काय बोलतात ते ऐकायचं."

रियाधच्या सुलै भागात गोदामांच्या रांगेत आमचं दुकान होतं. पुढे परवान्याची हत्यारं आणि शिकारीचं सामान, मागे वर्कशॉप. मालक अबू सालेह, तोच आमचा कफील, म्हणजे आमचा व्हिसा त्याच्याच नावावर. श्रीमंत लोक मुद्दाम हातानं घडवून घेतलेली भारी पिस्तुलं त्याच्याकडून घेत. असं पिस्तूल कोणत्याही कारागिराचं असो, कर्नलसाहेबांनी पारखल्याशिवाय अबू सालेह ते काचेच्या कपाटात ठेवत नसे. मी तिथे लाकडाचं काम करायचो. पिस्तुलाच्या मुठीला दोन्ही अंगांनी लाकडी पट्ट्या असतात त्या, आणि मखमल लावलेल्या पेट्या. मी म्हसळ्याकडचा. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण लाकडातलं मला कोणी शिकवू नये. आमच्या घरात तीन पिढ्या होड्या बांधल्या गेल्या आहेत. हे मी कर्नलसाहेबांना पहिल्याच महिन्यात तोंडावर सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर ते कर्नल नव्हतेच. सौदी लष्कराच्या शस्त्रागारात त्यांची उमर गेली, पण हुद्दा बराच खालचा होता. त्यांची पाठ अशी ताठ की आमच्या केरळवाल्या पोरांनी त्यांना कर्नल करून टाकलं आणि ते नाव चिकटलं. एकदा दुकानात खरा कर्नल आला. आमच्यापैकी कोणीतरी सवयीनं "कर्नलसाहेब" अशी हाक मारली, तर दोघांनीही मान वळवली. खऱ्या कर्नलनं विचारलं, "तू कुठल्या तुकडीत होतास?" हे म्हणाले, "तुकडीत नव्हतो. तुमच्या तुकडीची हत्यारं चालायची ती माझ्यामुळे." खरा कर्नल खो खो हसला आणि जाताना त्यांच्या कपाळाचं चुंबन घेऊन गेला.

मला ते 'मुअल्लिम' म्हणायचे. तिकडे उस्ताद कारागिराला असं म्हणतात, आणि शाळेतल्या मास्तरालाही तेच. चौथीतून पळालेल्या माणसाला मास्तर म्हणणारे जगात ते एकटेच. माझं अरबी बाजारातलं, मोडकंतोडकं. त्यांना हिंदी शब्द दहा-वीस यायचे, त्यातले निम्मे शिव्यांचे. तरी आमचं सगळं बोलणं एकमेकांना कळायचं. भांडण तर फारच चांगलं कळायचं. एकदा मी शिसवीच्या पट्ट्या केल्या, रेषा अशा जुळवल्या की बघत राहावं. ते म्हणाले, "सुंदर आहे. काढ. घामाच्या हातात साबणासारखी निसटेल." मी म्हटलं, "पिस्तूल तुमचं, लाकूड माझं. आपापलं बघावं." आठवडाभर बोललो नाही. आठव्या दिवशी ते आले, तीच पट्टी घेऊन, आणि म्हणाले, "रेषा ठेव, वर नुसती जाळी कोर." तेच मी आधी करणार होतो, पण त्यांनी सांगितलं म्हणून करायला दोन दिवस आणखी लावले.

त्यांची दुसरी सवय चिकटपट्टीची. पारखायला आलेल्या पिस्तुलावर कारागिराचं नाव कोरलेलं असे, त्यावर ते आधी पांढरी चिकटपट्टी लावायला सांगत, आणि तेही दुसऱ्याला, स्वतः पाठ करून उभे राहत. एका बड्या घरचा माणूस परदेशातून फार नामांकित कारखान्याचं पिस्तूल घेऊन आला. साहेबांनी हुंगलं, पुसलं, कान लावला, बोट आत घालून कडा चाचपल्या आणि म्हणाले, "हे घासणारा माणूस रोजा ठेवून, तो सोडायला मगरिबच्या अजानची वाट बघत बसलेला होता." आम्ही सगळे हसलो. त्या माणसानं रागानं पट्टी ओढून काढली. "नाव वाच! वाच नाव!" साहेबांनी शांतपणे वाचलं. म्हणाले, "अच्छा. मग तो मोठ्या कारखान्यात वाट बघत होता." तो माणूस पुढे आमच्या दुकानाची पायरी चढला नाही. अबू सालेह महिनाभर कुरकुरत होता, पण पारखायचं काम त्यानं दुसऱ्याकडे दिलं नाही.

आणि सगळ्यात मोठा हट्ट हाताचा. शहराबाहेर नेमबाजीचं मैदान होतं, तिथे ते गोळ्या झाडून बघत. इतर लोक पिस्तूल टेकूवर ठेवून कागदावर नेम धरतात, म्हणजे हात हलण्याचा प्रश्न येत नाही आणि नळी सरळ आहे की नाही तेवढं कळतं. साहेबांना टेकू बघूनच राग यायचा. उभं राहायचं, उजवा हात लांब करायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि चाप दाबायचा. "टेबल कुठे लढाईला जातं?" ते विचारायचे. "माणूस जातो. मग माणसाच्या हातात ते कसं वागतं ते बघू." मला गोळी झाडायची परवानगी नव्हती, मी इकाम्यावरचा, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर आलेला परका माणूस आणि लाकडाचा कारागीर. मी मागे सावलीत बसून बघायचो. पाच गोळ्या झाल्या की कागद आणला जायचा. साहेब खिशातून एक खजूर काढून भोकांवर ठेवायचे. खजुराखाली सगळी भोकं झाकली तर पिस्तूल पास. मग तोच खजूर खायचे.

हुफूफचा हसन आला तो प्रदर्शनाच्या आधी. दरवर्षी बहिरी ससाणे आणि शिकारीचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे अबू सालेहचा गाळा असायचा. हसन चाळिशीचा, तेल कंपनीत मशीनवर अनेक वर्षं काढलेला. नोकरी सोडून, खजुराच्या बागेतला आपला वाटा भावांना देऊन त्यानं मशिनं घेतली होती, सरकारी परवाना मिळवला होता, आणि दोन पिस्तुलं घडवली होती. त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. अबू सालेह त्याला म्हणाला, "कर्नलनं पास केली तर माझ्या गाळ्यावर ठेवतो. नाहीतर माफ कर." दुसरा कोणता दुकानदार त्याला दारात उभं करत नव्हता, हे त्यानंच कॉफी पिताना सांगितलं. रडत नाही सांगितलं. तुमच्याकडे पाऊस झाला का, आमच्याकडे नाही झाला, अशा आवाजात सांगितलं.

साहेबांनी पट्टी लावायला सांगितली तर हसन म्हणाला, "कर्नल, लावायला नाव कुठे आहे? अजून कोरलंच नाही." साहेब खूश झाले. मग वास, मग फडकं. फडकं जवळजवळ कोरडंच निघालं, त्यानं तेल नेमकंच घातलं होतं. स्लाइड मागे-पुढे केली तेव्हा काही आवाजच आला नाही, फक्त शेवटी एक बारीक टक. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मला ते बघणं ओळखता येत होतं. "चाप?" मी विचारलं. "काच फुटावी तसा," ते म्हणाले. "मध्ये अडकत नाही, रेंगाळत नाही." हसनच्या मुठीची लाकडी पट्टी मात्र भिकार होती. ते मी सांगितलं, त्यानं मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो. साहेब उभे राहिले, हात लांब केला, पाच गोळ्या. कागद आला. एक भोक वर, दोन उजवीकडे, एक पार कडेला. खजूर त्यांनी खिशातून काढलाच नाही. दुसरं पिस्तूल घेतलं, पुन्हा पाच. तसंच, उलट जास्तच पांगलेलं. अबू सालेहनं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "खलास. असं होतं. पुढच्या वर्षी बघू."

हसन म्हणाला, "हुफूफला मी झाडली तेव्हा तर..." आणि थांबला. मग म्हणाला, "अल्ला तुम्हाला दीर्घायुष्य देवो, कर्नल. माझंच नळीत काही चुकलं असेल." आणि पिस्तुलं पेटीत ठेवायला लागला.

आम्ही सावलीत बसलो. सुदानी उस्मान कॉफीची पितळी किटली घेऊन आला. तिकडची रीत ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. कॉफी छोट्या बिनकानाच्या पेल्यात, घोटभरच देतात. पेला पुढे केला की पुन्हा ओततात. नको असेल तर तोंडानं बोलायचं नाही, पेला बोटांत धरून जरा हलवायचा. मग वाढणारा पेला काढून घेतो आणि पुढे जातो. कर्नलसाहेब तीन पेले घेणारे. त्या दिवशी पहिला पेला संपवून त्यांनी हात पुढे केला, पेला बोटांत जरा हलला. उस्माननं बघितलं, अदबीनं पेला त्यांच्या हातातून काढून घेतला आणि माझ्याकडे वळला.

साहेबांचा हात तसाच पुढे राहिला. रिकामा. मग त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला आणि दुसरा हात त्यावर ठेवला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गेले कित्येक दिवस साहेब एकच पेला घेत होते. मला वाटायचं, वय झालं, डॉक्टरनं सांगितलं असेल. आता हे त्यांच्या तोंडावर कोण बोलणार? अबू सालेहनंही ते बघितलं होतं, त्यानं मान फिरवली. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला असं सांगत नाहीत, आणि आपल्याकडेही नाही सांगत. पण तिकडे हसन पेटीला कुलूप लावत होता.

मी उस्मानला म्हटलं, "परत जा. साहेबांना कॉफी दे."

उस्मान म्हणाला, "मुअल्लिम, त्यांनी बस म्हटलं."

"जा म्हणतो ना. ओत."

"अरे, पेला हलवला त्यांनी! मी काय आज पहिल्यांदा कॉफी वाढतोय का?"

मी साहेबांकडे बघितलं नाही, मला तेवढी हिंमत नव्हती, मी वाळूकडे बघत होतो. मग साहेबांचाच आवाज आला. "उस्मान, ओत. बस म्हणायला मी तो हलवला नव्हता."

उस्मानचा चेहरा बघवेना. त्यानं ओतली. साहेब पेला दोन्ही हातांनी धरून प्याले, रीत सोडून, सगळ्यांसमोर. पिऊन झाल्यावर हसनला म्हणाले, "कुलूप काढ." आणि मला म्हणाले, "मुअल्लिम, टेकू बनवता येतो का तुला?"

मी म्हटलं, "होडी बनवता येते. टेकूला काय लागतं?"

त्या दुपारी वर्कशॉपमध्ये मी जाड लाकडाचा ठोकळा घेतला, वर खाच पाडली, खाचेत चामडं बसवलं. साहेब डोक्यावर उभे. "खाच खोल झाली." "नाही झाली." "डावीकडे कलतंय." "तुमची मान कलती आहे." असं चाललं होतं. आजूबाजूला कोणी नाही बघून मी म्हटलं, "हे सगळ्यांसमोर कशाला? उद्या आपण दोघंच मैदानावर जाऊ. तुम्ही बघा, आणि मग निकाल सांगा. तेल बदललं म्हणा, गोळ्या बदलल्या म्हणा. कोण विचारतंय?"

त्यांनी माझ्या हातातली कानस काढून घेतली आणि बाजूला ठेवली. ते काय म्हणाले ते मी माझ्या भाषेत लिहितो. "त्या माणसाला मी चार लोकांत नापास केलं. आता पास करायला चोरासारखा जाऊ?"

मी म्हटलं, "लोक काय म्हणतील, कळतंय ना?"

"म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला. खरंच गेलाय. खोटं थोडंच बोलतील?"

दुसऱ्या दिवशी तेच सगळे. अबू सालेह, हसन, उस्मान, मैदानावरचे दोन-तीन लोक. साहेब खुर्चीवर बसले. त्यांना बसून पिस्तूल धरताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. पहिलं पिस्तूल खाचेत ठेवलं, पाच गोळ्या झाडल्या. कागद आला तेव्हा हसन जागचा हललाही नाही. भोकं एकमेकांत शिरलेली. साहेबांनी खजूर ठेवला, तो भोकांपेक्षा मोठा होता. दुसरं पिस्तूल. याचीही भोकं एका ठिकाणी, पण सगळी चार बोटं खाली.

साहेब म्हणाले, "पहिलं पास. दुसरं घेऊन जा. नेम धरायचं पुढचं निशाण उंच आहे, म्हणून खाली मारतंय. घास, थोडंच घास, आणि मुअल्लिमकडून मुठीच्या पट्ट्या नीट करून घे, तुझ्या पट्ट्यांनी पिस्तुलाची अब्रू जाते."

हसन त्यांच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला. साहेबांनी हात मागे घेतला. "काल या हातानं तुझं घर बुडवत आणलं होतं. राहू दे." मग अबू सालेहकडे वळून म्हणाले, "यापुढे मला पारखायला पाठवू नकोस."

अबू सालेहला खरंच वाईट वाटलं. तो म्हणाला, "असं का म्हणता? टेकू आहे ना आता. बसून पारखा. मरेपर्यंत पारखा."

"टेकूवर नळी कळते," साहेब म्हणाले. "हातात आल्यावर ते माणसाशी कसं वागतं ते टेकू सांगत नाही. ते सांगायला हात लागतो. ज्याच्याकडे आहे असा शोध. यल्ला, मुअल्लिम, घरी सोड मला."

घराशी उतरताना एवढंच म्हणाले, "टेकू चांगला झाला. खाच जरा खोल आहे."

हसनचं पहिलं पिस्तूल प्रदर्शनात गेलं, दुसरं घासून आलं तेही गेलं. मग ऑर्डरी यायला लागल्या, हळूहळू, एकेक. त्यानं मुठीच्या पट्ट्या शेवटपर्यंत माझ्याकडूनच करून घेतल्या. अबू सालेहनं एक नवा पारखी ठेवला, माणूस वाईट नव्हता. कर्नलसाहेब दर गुरुवारी दुकानात यायचे, पण पारखायला आलेल्या पिस्तुलाकडे ढुंकूनही बघत नसत. कोणी पुढे केलं तर म्हणायचे, "त्याला विचार, तो पगार घेतो." आणि पिस्तूल बघायचं नाही म्हणून मागे येऊन माझं लाकूड बघायचे. तो एक छळच होता. अक्रोड इतका का घासतोस, पॉलिश इतकं का देतोस, मखमल लालच का. मी म्हटलं, "तुम्ही निवृत्त झालात, की माझा मुकादम झालात?" म्हणाले, "तुझ्यासारख्या हट्टी माणसाला मुकादम हवाच."

माझं वय झालं, इकामा संपवून कायमचं परत यायचं ठरलं. माझा मुलगा रियाधमध्येच बँकेत आहे, त्यानं मला निरोपासाठी साहेबांच्या घरी नेलं. मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, भरलेली होती, त्यांचे मुलगे, जावई, शेजारी. साहेबांचा हात तोवर फारच थरथरत होता, तो त्यांनी लपवला नव्हता. मला शेजारी बसवून घेतलं आणि सगळ्यांना म्हणाले, "हा तो हिंदी. माझा हात गेलाय हे एवढ्या लोकांत मला सांगणारा हा एकटा."

मी म्हटलं, "कर्नलसाहेब, हे बरोबर नाही. मी सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत."

"तू उस्मानला परत बोलावलंस."

"मी कॉफी मागवली. बाकीचं तुम्ही बोललात."

"कॉफीतच सगळं आलं होतं."

"नव्हतं आलं. तुम्ही गप्प बसला असता तर कॉफी पिऊन सगळे घरी गेले असते, आणि हसनही."

मजलिसमधले लोक हसायला लागले. त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, "दोघांनी मिळून सांगितलं म्हणा." ते आम्हा दोघांनाही मान्य नव्हतं. जेवताना वाद, दारापर्यंत वाद. माझा मुलगा गाडीतून हॉर्न देत होता. साहेबांनी मला मिठी मारली, हात माझ्या पाठीवर हलत होता, आणि कानात म्हणाले, "तूच सांगितलंस." मी म्हटलं, "मी नाही." असं करून मी गाडीत बसलो.

पुढे मी गावी आल्यावर एकदा सकाळी मुलाचा फोन आला. साहेब गेले होते, आदल्या दिवशी, झोपेतच. मुलगा जनाज्याला जाऊन आला होता. म्हणाला, "त्यांच्या मुलांना भेटलो, अब्बा. सगळे तुमची आठवण काढत होते. त्यांनी तीच गोष्ट लोकांना पुन्हा सांगितली, तुम्ही कॉफी मागवलीत ती. तुमच्याकडून काही सांगू का त्यांना?"

मी म्हटलं, "दुआ कळव. आणि त्या पोरांना नीट समजावून सांग, त्यांचा बाप स्वतःच्या तोंडानं बोलला. मी नाही. मी वाळूकडे बघत होतो."